लेओकादिया परत देत नाही

शनिवारी वर्तमानपत्र यायचं, कादंबरीचा हप्ता तळाशी,
आणि हौदावरच्या आम्हा अकराजणींत
वाचता येणारी एकटी जेनोवेव्हा.
ती कडेच्या दगडावर बसायची, पाय कोरडे ठेवून.
तिच्या वाटच्या चादरी आम्ही घासायचो,
वाचनाची मजुरी.

पोर्तोच्या चढावरचा तो हौद. खाली डोउरो,
द्राक्षारसाची पिंपं वाहणाऱ्या होड्या,
आणि वर, कागदात, लेओकादिया:
पिंपं बनवणाऱ्याची मुलगी,
साठीच्या व्यापाऱ्याशी लग्न लावून
त्याच्या खोकल्याचे दिवस मोजणारी.

मोजायची, हेच बायकांना फार लागलं.
"मेली," म्हणायच्या. "अवदसा."
आईला पुरून परतताना गाडीत
तिने हातमोजा काढून पाहिलं,
आईची अंगठी आपल्याला नीट बसते का.
त्या शनिवारी सगळ्यांचा साबण हातातच राहिला.
मग धाकट्या बहिणीची कर्णफुलं,
सोन्याच्या तारेची जाळी, आजीकडून आलेली,
"सांभाळते" म्हणून घेतली आणि विकली.
बहीण दारात आली. दार उघडलं नाही.
पडद्याआड उभी राहून लेओकादिया
मनातल्या मनात आकडा पुन्हा एकदा जुळवत राहिली.

मी काही बोलले नाही.
मी दुसऱ्यांच्या चादरी पिळत होते,
दुसऱ्यांच्या आजारांचे, दुसऱ्यांच्या सुखाचे डाग,
आणि माझ्या बोटांच्या भेगांत सोडा झोंबत होता.
ती मला आवडायची का, सांगता येत नाही.
मला ती माहीत होती.

कारण आदल्या हिवाळ्यात
एका इंग्रज व्यापाऱ्याच्या जाकिटाच्या अस्तरात
सोन्याचा एक पौंड हाताला लागला होता,
ओला, गार, माशाच्या खवल्यासारखा.
मी तो गालात ठेवला.
त्याच दुपारी चौकशी झाली. काम सुटलं इर्मेलिंडाचं,
चौदा वर्षांची, जिने ती टोपली खाली आणली होती.
ती हौदापाशी रडत उभी राहिली
आणि मी तिला म्हटलं, "देव पाहतो गं,"
जिभेने पौंड दुसऱ्या गालात सरकवत.

अजून आहे. मोडला नाही.
त्यात कोळसा आला असता, नवऱ्याचे बूट,
इर्मेलिंडाच्या घरचं दोन महिन्यांचं भाडं,
हेसुद्धा आलं असतं, मी हिशेब केलाय.
रात्री चुलीमागची वीट काढते
आणि त्याला नुसतं अंगठ्याने पुसते.
खर्चला तर पावासारखा एक दिवस संपेल,
आणि मग मी परत किटेरिया, नुसती.

शेवटचा हप्ता ईस्टरच्या आदल्या दिवशी आला.
लेखकाने तिला ताप आणला.
तापात आई दिसली, बहीण दिसली,
मेणबत्त्या, पाद्री, सगळं रीतीप्रमाणे.
मग तिने पेटी उघडून
सोनं मठातल्या अनाथांना देऊन टाकलं,
शेवटच्या नाण्यापर्यंत, आणि हसत डोळे मिटले.
बायका ढसाढसा रडल्या. जेनोवेव्हाने तर
नोटरीबाईंच्या उशीच्या अभ्र्याला नाक पुसलं.

"खोटं आहे," मी म्हणाले.
सगळ्या वळल्या.
"तिने दिलं नसतं. तापात तर मुळीच नाही.
ताप चढला की माणसाची मूठ आवळते."

"तुला गं काय ठाऊक?"
कागदाची घडी घालत जेनोवेव्हा म्हणाली,
आणि दोघीतिघी हसल्या, डोळे पुसता पुसता.

इर्मेलिंडाची आई हसली नाही.
मघाशी ती रडलीही नव्हती.
चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात होतं.
मी माझं टोक पिळू लागले,
ती तिचं, उलट्या दिशेला,
आमच्या मधोमध पाणी गळत राहिलं,
मग थेंब थेंब, मग तेही थांबलं,
आणि दोघींपैकी कुणीच चादर सोडली नाही.